जांभ्याच्या जुन्या घराला सिमेंट लावण्याआधी

कोकणातलं जुनं जांभ्याचं घर दुरुस्त करताय? आधी छप्पर बघा. कौलं उतरवली की भिंतीवर टेकलेली वाशांची टोकं टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला, तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. तेवढंच टोक कापून नवं लाकूड जोडता येतं. अख्खा वासा फेकू नका. धड मंगलोरी कौलं घासून पुन्हा चढवा.

मग भिंती. जांभा सच्छिद्र असतो. जोत्यातून चढलेली ओल भिंतीतूनच सुकते. सिमेंटचा गिलावा ती वाट अडवतो आणि पोपडे सुटतात. म्हणून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा पातळ थरांत करा, पाणी मारत हळूहळू सुकू द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनच चुना घट्ट होतो. घाई नको, घर टिकेल!