पद्मिनीच्या पेट्रोलच्या नळ्या

जुन्या गाडीचं वय रंगावरून ओळखू नये. बॉनेट उघडावं आणि पेट्रोलची रबरी नळी चिमटीत धरून वाकवावी. बारीक भेगा उघडल्या, बोटाला काळं लागलं, की गाडी बाहेर काढायचा बेत रद्द.

प्रीमियर पद्मिनी तशी आपल्या घरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११०० सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, टाकी मागे. मधे तळाखालून लोखंडी नळी आणि जोडाला रबराचे तुकडे. गाडी तीच राहिली, पेट्रोल मात्र बदललं. २०२२ मध्ये त्यात १० टक्के इथेनॉल झालं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर २० टक्के. ऊस-मक्याला गिऱ्हाईक मिळालं हे चांगलंच, पण पद्मिनीच्या जुन्या रबराला कोणी विचारलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगतं, मऊ पडतं, सुकलं की तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज धरवतं.

गळती दिसली म्हणजे नशीबच म्हणायचं. पद्मिनीचा पंप इंजिनावर बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या टप्प्यातली नळी फाटली तर चालू गाडीत पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. सकाळी स्टार्टर कण्हत राहतो, चढावर गाडी दम टाकते आणि मालक बिचारा कार्बोरेटर खोलून बसतो. पंप ते कार्बोरेटर या पुढच्या तुकड्यात मात्र दाब असतो. तिथली भेग थेट तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडवते. आग लागते ती इथेच. ‘गाडी बहुत पेट्रोल खाऊन राह्यली’ अशी तक्रार असेल, तर ऑइलची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशा वेळी नुसत्या नळ्या बदलून भागत नाही.

आता नवी नळी कुठली घ्यावी ते. इकडचं, हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर कापसाच्या पट्ट्यातलं. अशा गावात फवारणी पंपाची नळी हाताशी असतेच, आणि घात तिथेच होतो. पारदर्शक प्लास्टिकची नळी पेट्रोल दिसतं म्हणून आवडते. पण ती पेट्रोलने कडक होते आणि उष्णतेने ढिली पडून निसटते. नळी तिच्यावरची छापील अक्षरं वाचून घ्यावी: ‘एसएई जे३० आर९’ असेल तर आतलं अस्तर फ्लोरोरबरचं, ते इथेनॉलला दाद देत नाही. वर्ध्यात नाही मिळाली तर नागपूरहून मागवावी. माप जुन्या नळीवरून घेऊ नये, ती फुगलेली असते. लोखंडी नळीचा बाहेरचा व्यास मोजावा.

काम सकाळी, उघड्या अंगणात, इंजिन गार असताना करावं. खड्ड्यावर गाडी घेऊन मुळीच नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते. बॅटरीची अर्थची वायर आधी सोडावी. चूल, बिडी, देव्हाऱ्यातला दिवा, सगळं लांब. पावडरचं अग्निशामक हाताशी. टाकीतलं पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये उतरवावं, प्लास्टिकच्या बादलीत नको, स्थिर विजेची ठिणगी पुरते.

जुनी नळी खेचू नये, पिळून सैल करावी. चिकटून बसली असेल तर ब्लेडने लांबीत चिरावी, खालच्या धातूला ओरखडा न पाडता. नवी नळी धारदार ब्लेडने सरळ कापावी. हॅकसॉने कापली तर रबराचा भुगा आत राहतो आणि तो पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. क्लिप आधी नळीत ओवायची, मग नळी चढवायची. हा क्रम बरेच जण विसरतात आणि सगळं परत काढतात. स्क्रू आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर फुगलं, की जास्त झालं. फिल्टरवरचा बाण पेट्रोल वाहतं त्या दिशेला ठेवावा आणि नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्यावी.

तळाखालच्या लोखंडी नळीला पोपडे सुटले असतील, तर मधला तुकडा कापून रबर जोडण्याचा मोह आवरावा. अख्खी नळी नवी करून घ्यावी. तांब्याची सहज वाकते खरी, पण इंजिनाच्या थरथरीने कालांतराने तडकते. हे काम घरी करू नये असं माझं मत.

बॅटरी जोडल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून बघावा. मग रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरावं. डाग पडला तर तो कुठल्या जोडाखाली आहे हेही कळतं.

मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसवर जातो आणि जुनी फियाट रस्त्यात बसते, तेव्हा नळीला दोष देण्याआधी पंपाजवळ हात नेऊन बघावा. पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा चालत असतो. जुने ड्रायव्हर त्यावर ओलं फडकं टाकत आणि जरा वेळ सावलीत थांबत. नव्या नळ्यांनंतरही फडकं डिकीत ठेवावंच. आणि इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवत असल्याने पहिला फिल्टर लवकर भरतो. एक जादा फिल्टर त्या फडक्यासोबत असू द्यावा.