खनिज तेलाचे विज्ञान (भाग ७) : अवघड खडकांतले तेल

खनिज तेल खडकाच्या बारीक छिद्रांत आणि फटींत साठते. खडकात अशी मोकळी जागा किती, ती त्याची सच्छिद्रता. आपसात जोडलेल्या त्या जागेतून द्रव किती सहज वाहतो, ती त्याची पार्यता. साठा अवघड ठरतो तो या दोन गोष्टी हातभर अंतरावर बदलतात तेव्हा.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या कड्यात हे उघड्यावर दिसते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर येथे एकावर एक बसले आहेत. काही थर घट्ट कातळाचे, तर काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहून गेलेल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी बुजल्या. उरलेल्या तुटक आहेत. पाणी वाहते ते भेगांतून, थरांच्या सांध्यांतून आणि झिजलेल्या खडकातून. म्हणूनच जुन्नर-आंबेगावात एका बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते. या डोंगराखाली तेलाची आशा मात्र धरू नये. लाव्हापासून बनलेल्या या बेसॉल्ट खडकात तेल तयार होत नाही, आणि कोयना भागातल्या खोल छिद्रणात तर बेसॉल्टखाली तेल देऊ शकेल असा गाळाचा थर न लागता थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडकच लागला.

महाराष्ट्राचा अवघड साठा समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या सागरी छिद्रण-मंचाने १९७४ मध्ये तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी मुंबई हाय या तेलक्षेत्राचे उत्पादन सुरू झाले. तेल तयार झाले ते आसपासच्या सखल भागांतल्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेल या चिखलाच्या थरदार खडकात. तिथून ते मुंबई हायच्या उंचवट्याकडे सरकले. मुख्य साठा ‘एल-३’ नावाच्या मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. समुद्र मागे हटला की उघड्या पडलेल्या चुनखडकात पावसाचे पाणी मुरून पोकळ्या विरघळत. समुद्र परतला की वर गाळ बसे. त्यातून चुनखडक आणि शेल यांची थप्पी तयार झाली. चुनखडकाचे काही पट्टे मोकळे, काही आवळलेले.

उत्पादनाची खरी अडचण इथेच आहे. दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून साठ्यात पाणी सोडले जाऊ लागले. पण पाणी मोकळ्या पट्ट्यातून धावत थेट उत्पादक विहिरीत पोहोचते आणि शेजारच्या आवळलेल्या पट्ट्यातले तेल जागेवरच राहते. तेलावर वायूची टोपी आहे. उपसा घाईने केला तर वायू खाली ओढला जातो, दाब जातो आणि मागे राहिलेले तेल काढणे जड होते. घाईचा मोह महागात पडतो तो असा. २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरींवर भर आला. जुन्याच विहिरीच्या पोटातून बाजूला वाट काढून पातळ थरात लांबवर शिरता येते.

कोणता थर कोणाशी जोडलेला आहे, हे कळते कसे? खडकाचे नमुने आणि विहिरीतली मोजणी फक्त विहिरीलगतचे सांगतात. ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात मोठी रचना दिसते, पण काही मीटर जाडीचा पट्टा निसटतो. मधली जागा भरते ती दाबाची चाचणी. विहीर बंद करून तळाशी दाब किती वेगाने चढतो हे पाहतात. तो भराभर चढून स्थिरावला तर वाट मोकळी. रेंगाळला तर खडक आवळलेला. एक विहीर बंद-चालू करताना शेजारच्या विहिरीचा दाब हलला, तर दोन्हींत नाते आहे. नाहीच हलला, तर मध्ये अडसर असण्याची शक्यता मोठी.

चुनखडकाच्याही खाली, बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटच्या भेगांत मुंबई हायमध्ये तेल मिळाले आहे. गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात दख्खनच्या बेसॉल्टमधून, तर व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रात ग्रॅनाइटमधून तेल निघते. ते तयार मात्र तिथे झालेले नसते, बाहेरून भेगांत शिरलेले असते. अशा खडकात उभी विहीर दोन उभ्या भेगांच्या मधून रिकामी जाऊ शकते, म्हणून ती तिरपी खोदतात. सुरुवातीची धार जोरदार असली तरी ती फक्त भेगांतली असू शकते. भेगा रित्या झाल्या की धार झपाट्याने उतरते.

शेवटी या साऱ्या मोजमापांतून साठ्याचे संगणकीय प्रतिरूप बांधतात आणि ते मागच्या वर्षांच्या उत्पादनाशी व दाबाशी जुळेपर्यंत बदलत राहतात. एकाच इतिहासाशी अनेक प्रतिरूपे जुळतात. त्यामुळे पुढच्या उत्पादनाचा अंदाज एका आकड्यात न देता किमान ते कमाल असा देणेच शहाणपणाचे.