ब्राउनिंग : लिएजहून नाशिकपर्यंत

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग लागला होता. कलेक्टर जॅक्सन यांची बढतीवर मुंबईला बदली झाली होती, त्यांच्या निरोपासाठी हा बेत होता. जॅक्सन नाट्यगृहात आले आणि विशीही न गाठलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच गतप्राण झाले. कान्हेरे पकडला गेला. त्याच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होते.

या घटनेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात 'ब्राउनिंग' हा शब्द येतो आणि लगेच मागे पडतो. वास्तविक हे यंत्र कोणी घडवले, ते त्या काळी एवढे नवे का होते आणि हजारो मैल ओलांडून ते गोदाकाठी कसे पोहोचले, हे समजले तर नाशिकच्या त्या रात्रीचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

धुराविना दारू आणि ऑग्डेनचा कारागीर

एकोणिसाव्या शतकात कमरेला लावायचे शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्यात पाच-सहा काडतुसांचे एक गोल चक्र असते आणि ते फिरते चापावरच्या बोटाच्या किंवा घोडा ओढणाऱ्या अंगठ्याच्या जोरावर. चक्राच्या जाडीमुळे शस्त्र मधोमध फुगीर होते आणि अंगरख्याखाली ठेवले तरी उठून दिसते. गोळ्या संपल्या की पुन्हा भरायला वेळ लागतो.

पुढची पायरी अडली होती ती दारूमुळे. काळी बंदुकीची दारू जळली की मागे काजळी आणि राख उरे. नाजूक हलते भाग त्यात लगेच अडकत. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर जवळजवळ न करणारी दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली. गोळी पुढे सुटताना शस्त्राला मागे जो धक्का बसतो, तोच वापरून रिकामी पुंगळी बाहेर टाकायची आणि नवे काडतूस नळीत सारायचे, या कल्पनेवर युरोपात अनेकजण काम करू लागले. ह्यूगो बोर्खार्ट यांचे पिस्तूल १८९३ साली आले, माउझरचे १८९६ साली. दोन्ही चालत होती, पण बोजड होती.

अमेरिकेत यूटा प्रांतातील ऑग्डेन गावी जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म १८५५) वडिलांच्या बंदुकीच्या दुकानात वाढले. १८८९ साली एका नेमबाजीच्या स्पर्धेत त्यांच्या लक्षात आले, की प्रत्येक गोळीबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूने नळीच्या तोंडासमोरचे गवत वाकते आहे. वाया जाणाऱ्या या वायूला कामाला लावता येईल, हा विचार तिथेच सुरू झाला. त्यातून आधी मशीनगन आली आणि मग पिस्तुलेही.

स्लाइड नावाची युक्ती

ब्राउनिंग यांची मोठी देणगी म्हणजे स्लाइड. नळीवर बसणारे, पुढेमागे सरकणारे हे पोलादी आवरण. गोळी सुटताच स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते आणि पुढच्या वेळेसाठी पिस्तूल सज्ज करते. स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते, तेव्हा मुठीतल्या मॅगझिनमधले वरचे काडतूस ती नळीत सारते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो, म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणायचे. आज जगात बनणारी बहुतेक पिस्तुले याच मांडणीची आहेत.

बेल्जियममध्ये लिएजजवळ हर्स्टाल येथे एफएन हा कारखाना १८८९ साली माउझर रायफली बनवण्यासाठी उभा राहिला होता. त्याने ब्राउनिंग यांचे पिस्तूल घेतले आणि १९०० साली बेल्जियमच्या सैन्याने ते अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले. व्यास ७.६५ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये ७ काडतुसे, वजन सुमारे ६२५ ग्रॅम. चपटे आणि आटोपशीर. पाठोपाठ १९०३ चा मोठा आणि १९०६ चा खिशात मावणारा नमुना आला. एकट्या १९०० च्या नमुन्याची सुमारे सात लाख नग निघाले. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' म्हणजेच पिस्तूल, असे समीकरण झाले.

सैन्यासाठी केलेले हे हत्यार सैन्यापुरते राहिले नाही. १९०४ साली हेलसिंकीत ऑयगेन शाउमान याने रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याला याच पिस्तुलाने मारले. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुन याने जपानचे इतो हिरोबुमी यांच्यावर याच नमुन्यातून गोळ्या झाडल्या. तिथून दोन महिन्यांच्या आत नाशिकची घटना घडली.

पेटीच्या चोरकप्प्यातून

नाशिकमध्ये 'मित्रमेळा' या मंडळातून उभी राहिलेली अभिनव भारत ही क्रांतिकारकांची संघटना तेव्हा शस्त्रांच्या शोधात होती. लंडनला इंडिया हाउस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. फेब्रुवारी १९०९ मध्ये इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन हिंदुस्थानला निघाला, तेव्हा त्याच्या पेटीला दुहेरी तळ बसवून ही पिस्तुले त्यात लपवली गेली. वीस फुगीर रिव्हॉल्व्हरे अशा चोरकप्प्यात बसवणे किती अवघड गेले असते, हे वेगळे सांगायला नको.

जून १९०९ मध्ये त्यांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी पाठवणारे जॅक्सनच होते. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. पण परकी सत्ता विद्वानाच्या हातून चालली तरी परकीच, अशी अभिनव भारतच्या नाशिकमधल्या तरुणांची धारणा होती. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

ज्या कारखानी एकसारखेपणामुळे वीस पिस्तुले एका गठ्ठ्यात मिळाली, त्यानेच तपासाला धागा दिला. एकाच बनावटीची, एकाच मार्गाने आलेली शस्त्रे एकमेकांशी जुळवता येतात. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला आणि विजयानंदमधले पिस्तूल लंडनच्या गठ्ठ्यापर्यंत जाऊन भिडले. मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झालेल्या सावरकरांना डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये एकेक जन्मठेप झाली, मिळून पन्नास वर्षे. दुसरी शिक्षा जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल होती.

पुढची वंशावळ

ब्राउनिंग थांबले नाहीत. अमेरिकी सैन्याच्या चाचणीत त्यांच्या .४५ व्यासाच्या नव्या पिस्तुलाने ६,००० गोळ्या झाडल्या, एकदाही न अडता. २९ मार्च १९११ रोजी ते स्वीकारले गेले आणि १९८५ पर्यंत तेच अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजच्या कारखान्यात काम करतानाच हृदयविकाराने ब्राउनिंग यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल एफएनचे दियदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. मॅगझिनमध्ये १३ काडतुसे घेणारे ते १९३५ चे 'हाय पॉवर'.

भारतीय सैन्याचे 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए' हे याच हाय पॉवरचे भारतीय रूप आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात ते तयार होते. १९०९ साली पेटीच्या तळात लपून आलेल्या ब्राउनिंगचा वंशज आज स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्याच्या कमरेला उघडपणे असतो. पारतंत्र्य ते स्वातंत्र्य हा प्रवास एका यंत्राच्या वंशावळीतही वाचता येतो.

नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. सकाळी तिथे फिरायला, खेळायला शेकडो माणसे येतात. त्यांपैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक असेल, हकीगत मात्र थोड्यांनाच. आपल्या मुलांना त्या मैदानावर न्याल तेव्हा त्यांना ती पूर्ण सांगा : कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांची, जॅक्सन यांचीही, आणि ऑग्डेनच्या त्या कारागिराचीसुद्धा.