डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांच्या रक्तवाहिन्या

मधुमेह हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. डायलिसिस घेणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या रक्तवाहिन्यांवर दुहेरी आघात होतो : दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेचा आणि रक्तात साचणाऱ्या टाकाऊ द्रव्यांचा. हा उपचार बहुतांशी रक्तवाहिनीतून होत असल्याने तिचे आरोग्य निर्णायक ठरते.

बिघाडाचे स्वरूप

रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून स्रवणारा नायट्रिक ऑक्साईड वायू तिच्या भिंतीतील स्नायू सैल करतो व वाहिनी रुंदावते. मधुमेहात हा वायू पुरेसा उपलब्ध होत नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील फॉस्फरस वाढतो आणि धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियमचे क्षार साचतात. त्यामुळे धमन्या ताठर होऊन हृदयावरील भार वाढतो. पायाची टणक धमनी नीट दाबली जात नसल्याने घोट्याजवळचा रक्तदाब फसवा, अधिक येतो व अपुरा रक्तपुरवठा झाकला जातो.

फिस्टुला

हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या मार्गास फिस्टुला म्हणतात. ब्रेसिया, सिमिनो व सहकाऱ्यांनी ही पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वाढत्या प्रवाहाने शीर रुंद व जाड झाली, की तिच्यात सुया टोचता येतात. यास काही आठवडे ते महिने लागतात. मधुमेहात धमनी पुरेशी रुंदावत नसल्यास फिस्टुला तयार होण्यात अडथळा येतो. तो निकामी झाल्यास अनेकदा मानेतील शिरेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

ग्रामीण भागातील महत्त्व

हा उपचार सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी सुमारे चार तास चालतो. राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५० किमी दूर आहे. तेथून उपचारासाठी कोल्हापुरास जाणाऱ्याचा आठवड्याचा प्रवास ३०० किमीच्या आसपास होतो. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत सेवा मिळण्याची सोय झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. तथापि, फिस्टुला बंद पडल्यास हे अंतरच घातक ठरू शकते.

दक्षता

मूत्रपिंडाचा विकार वाढू लागताच, डायलिसिसपूर्वीच, फिस्टुलासाठी राखलेल्या हातात सुई टोचणे टाळतात. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजत नाहीत. फिस्टुलावर बोटे ठेवली असता जाणवणारी थरथर रोज तपासावी. ती थांबल्यास गुठळीची शक्यता असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हात गार पडणे, दुखणे किंवा पायाला जखम होणे, हेही तत्काळ दाखवावे.