निलगिरी पर्वतावरील एक गुलाबी झुडूप

म्हैसूरहून दक्षिणेस जाणारा रस्ता नंजनगूड व गुंडलुपेट मागे टाकून बंदीपूरच्या अरण्यात शिरतो आणि गुडलूरनंतर निलगिरी पर्वत चढू लागतो. सुमारे 1,800 मीटर उंचीच्या वर सृष्टीचे रूप पालटते. घळींमध्ये दाट, ठेंगणी सदाहरित वने आणि त्यांच्या सभोवार, उघड्या उतारांवर, केवळ गवत. या वनांना तेथे 'शोला' म्हणतात. गवताळ उतारांवर आणि शोलांच्या कडेला पुरुषभर उंचीचे एक झुडूप आढळते. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्होडोमिर्टस टोमेंटोसा.

त्याची पाने समोरासमोर येतात. पानात देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा असतात आणि खालचा पृष्ठभाग करड्या लवीने मखमली झालेला असतो. उन्हाळ्यात येणारी फुले पाच पाकळ्यांची, गर्द गुलाबी. वय होईल तशी ती फिकट पडतात. मध्यभागी पुंकेसरांचा झुबका. पुढे गडद जांभळी, बोराएवढी फळे धरतात. त्यांच्या माथ्यावर पेरूप्रमाणेच निदलांचा मुकुट टिकून राहतो. तमिळमध्ये या झुडपाला 'तविट्टु कोय्या' म्हणतात. कोय्या म्हणजे पेरू. इंग्रजांनी मात्र त्याला 'हिल गूजबेरी' ठरविले. गूजबेरीशी त्याचे काहीही नाते नाही.

खरे नाते जंबुल कुलाशी आहे. जांभूळ, पेरू आणि लवंग हे त्याचे आप्त. या कुलातील वनस्पतीचे पान उजेडासमोर धरले असता बहुधा बारीक ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी होत. याच कुलात ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टसही मोडतो. तो म्हैसूर राज्यातील नंदी टेकडीवर टिपू सुलतानाच्या काळी, 1790 च्या सुमारास, प्रथम आला असे सांगतात. त्याच्या एका प्रकाराला वनखात्यात 'मैसूर गम' हे नाव पडले. निलगिरी पर्वतावर तो 1843 मध्ये लावण्यात आला. सरपणासाठी शोला तुटत होत्या आणि झपाट्याने वाढणारे झाड हवे होते. तेथून त्याचे तेल सर्वत्र गेले आणि मराठीत तर झाडालाच 'निलगिरी' म्हणू लागले. पाहुण्याला पर्वताचे नाव मिळाले. पर्वतावरच्या झुडपाला मात्र मराठीत रूढ असे नाव नाही.

ही केवळ नावाची गोष्ट असती तर सोडून देता आली असती. परंतु गवताळ उतार म्हणजे वन तुटून ओसाड पडलेली जमीन, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिच्या आधारे त्यांवर युकॅलिप्टस लावला गेला, कातडी कमावण्यास लागणाऱ्या सालीसाठी वॅटल लावला गेला, चहाचे मळेही पसरले. वस्तुतः हिवाळ्यातील दहिवराने झाडांची कोवळी रोपे उघड्यावर जळून जातात, गवत टिकते. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निलगिरीवरील दलदलीतील पीट या थरांचे परीक्षण करण्यात आले. सुमारे 20,000 वर्षांपूर्वीही तेथे गवत होते, असे त्यातून दिसले. कुऱ्हाडीला दोष देण्याइतके हे गवत अर्वाचीन नाही.

हे झुडूप मात्र स्वभावाने दुबळे नाही. आग लागून गेल्यावर ते बुंध्यापासून पुन्हा फुटते. शोभेसाठी फ्लोरिडात आणि हवाई बेटांत नेल्यावर ते तेथे उपद्रवी तण ठरले. आपल्या उतारावर नम्र दिसणारी वनस्पती परक्या भूमीत युकॅलिप्टसचीच भूमिका वठविते!

म्हणूनच संग्राहकाने फांदी तोडून टीपकागदात दाबली की काम संपत नाही. वाळल्यावर गुलाबी रंग विटतो, लवही चपटी होते. वनस्पतिसंग्रहातील पत्रकावर स्थळ, उंची व दिनांक लिहितात. त्यासोबत भोवती गवत होते की वॅटल, हेही लिहावे लागते. उतारावरचे गवत नाहीसे झाल्यावर ते तेथे होते याचा पुरावा म्हणून पुष्कळदा एवढी एक ओळच उरते.