घड्याळाला एव्हरेस्ट बुटकं का दिसतं?

पुढच्या वर्षी आठ हजार मीटरच्या वरच्या एका मोहिमेत नाव लागलेल्या एका वाचकाने विचारलंय, ‘मनगटी घड्याळ कोणतं घेऊ?’ सोबत दुकानदाराने दिलेली माहितीपत्रकंही जोडली आहेत. अल्टिमीटर, बॅरोमीटर, होकायंत्र, जीपीएस, नाडीचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन. यात नाही ते काय, असाच प्रश्न पडावा. सगळ्यात मोठ्या अक्षरात मात्र छापलंय ‘अचूक उंची’. नेमकं याच दोन शब्दांपाशी थोडं थांबायला हवं, कारण यातलं एकही घड्याळ उंची थेट मोजत नाही.

आधी थंडीचं उरकून टाकू. क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि साधारण 25 अंशांना सर्वांत नेमका चालतो. उणे 20 अंशांना तो दिवसाला सहाएक सेकंद मागे पडेल. शिखरावर सहा सेकंदांनी कुणाचं काही बिघडत नाही. (घड्याळाच्या आत दडलेली आणखी एक ‘चूक’ मला फार आवडते. आइनस्टाइनच्या हिशेबाने एव्हरेस्टच्या माथ्यावरचं घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे 30 मायक्रोसेकंद पुढे जातं. दुरुस्तीला न्यायची गरज नाही.) खरी अडचण बॅटरीची आणि पडद्याची. गारठ्यात बॅटरीचा दाब उतरतो, एलसीडीवरचे आकडे आळसावतात आणि शेवटी पडदा कोरा होतो. डिजिटल घड्याळांची हमी बऱ्याचदा उणे 10 अंशांपर्यंतचीच असते. जाड डाउन सूटच्या बाहीखाली, कातडीला लागून असेल तोवर घड्याळ उबेत असतं. पण वेळ बघायला बाही सरकवावी लागते, बाही सरकवायला दुसऱ्या हाताचा मोठा हातमोजा काढावा लागतो आणि त्या उंचीवर उघडी बोटं काही मिनिटांत बधिर होतात. म्हणून बरेच गिर्यारोहक घड्याळ बाहीच्या वरून बांधतात आणि मग ऊब संपते. यातून सुटका नाही, फक्त तडजोड आहे.

चावीच्या घड्याळात बॅटरीचा प्रश्न नसतो, पण त्यातलं तेल घट्ट होतं. 1953 साली ब्रिटिश मोहिमेला स्मिथ्स कंपनीने दिलेल्या घड्याळांत त्यासाठी थंडीत न गोठणारं वंगण वापरलं होतं. त्या मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळं दिली होती आणि आज एव्हरेस्ट म्हटलं की लोकांना रोलेक्सच आठवतं. पण 29 मे 1953 रोजी सकाळी साडेअकराला हिलरी तेनसिंगसोबत शिखरावर पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ इंग्लंडात बनलेलं स्मिथ्स होतं. ते आज लंडनच्या एका संग्रहालयात आहे. स्मिथ्स मात्र घड्याळांच्या धंद्यातून कधीच बाहेर पडली. जाहिरात करायला कुणी उरलं नाही, की इतिहासातली जागाही दुसऱ्याला मिळते!

काच उडेल का, ही भीतीही अनेकांना असते. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश. म्हणजे आतली हवा काचेला बाहेर ढकलणार. तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर हे बळ जवळपास पाच किलोच्या वजनाइतकं भरतं. पण आतली हवाही गारठून आक्रसते आणि त्यातलं थोडं बळ तिथेच जिरतं. चांगल्या बनावटीच्या घड्याळाला एवढं सोसतं.

आता उंचीकडे वळू.

मनगटावर उंची दाखवणारं पहिलं यांत्रिक घड्याळ 1962 साली निघालं, फावर-लुबा कंपनीचं ‘बिव्हॉक’. आपल्याकडे आजोबांच्या पिढीला हे नाव नवं नाही. या स्विस कंपनीचा मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून व्यापार होता आणि मधली काही वर्षं तर ती टाटांच्या टायटनकडे होती. त्या घड्याळात हवा काढून घेतलेली छोटी डबी होती. बाहेरचा दाब घटला की ती फुगायची आणि काटा सरकवायची. आजच्या घड्याळात डबीऐवजी सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, एवढाच फरक. दोन्ही मोजतात तो दाब. दाबावरून उंची काढायची ती एका ठरीव कोष्टकाने, ज्याला ‘प्रमाणित वातावरण’ म्हणतात. समुद्रसपाटीला 1013.25 हेक्टोपास्कल दाब, 15 अंश तापमान आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवरची ही सरासरी विमानांसाठी उत्तम आहे. सगळी विमानं एकच चूक करत असली, तर ती एकमेकांवर आदळत नाहीत!

पण हवा हे कोष्टक वाचत नाही. जुलैत मुंबईचा दाब हजार तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. तेव्हा अल्टिमीटर न जुळवता गिरगाव चौपाटीवर उभे राहिलात, तर घड्याळ तुम्हाला सत्तर-ऐंशी मीटर उंचावर नेऊन ठेवेल. लाटा पायाला लागत असल्या तरी.

एव्हरेस्टवर चूक उलट दिशेने होते. कापसाच्या गाद्यांची एकावर एक रचलेली चळत डोळ्यांपुढे आणा. खालच्या गाद्या वरच्यांच्या भाराने दबलेल्या, वरच्या भुसभुशीत. खालच्या गाद्या उन्हात तापवून पुन्हा रचल्या, तर कापूस तेवढाच, वजनही तेवढंच, पण चळत फुगून उंच होते. आता जमिनीपासून ठरावीक उंचीवर खूण करा. फुगलेल्या चळतीत त्या खुणेच्या वर पहिल्यापेक्षा जास्त कापूस असेल. हवेचंही तेच. एव्हरेस्ट उत्तर अक्षांश 28च्या आसपास आहे. तिथली हवा प्रमाणित वातावरणापेक्षा बरीच उबदार, म्हणून फुगलेली. त्यामुळे एव्हरेस्टच्या माथ्यावर कोष्टकाने सांगितल्यापेक्षा जास्त हवा शिल्लक असते. कोष्टकानुसार तिथे दाब असायला हवा पाऱ्याच्या 236 मिलिमीटरइतका, प्रत्यक्षात असतो 253च्या घरात. हा दाब न जुळवलेल्या घड्याळाला दिला, तर ते उंची दाखवेल सुमारे 8,380 मीटर. जगातल्या सर्वोच्च शिखराची पावणेपाचशे मीटर उंची एका झटक्यात गायब!

सतरा मिलिमीटरचा हा फरक घड्याळापेक्षा माणसाच्या फुप्फुसांना फार मोठा आहे. त्याच्याच जोरावर 8 मे 1978 रोजी मेस्नर आणि हाबेलर हे गिर्यारोहक ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय एव्हरेस्टवर पोचू शकले. आणि हे शक्य आहे असं कागदावर मांडणारा माणूस त्याच्या 57 वर्षं आधीच गेला होता.

अलेक्झांडर केलास हे नाव एव्हरेस्टच्या गोष्टीत क्वचितच येतं. हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना रसायन शिकवायचा. आधी रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झेंच्या प्रयोगशाळेत काम केलेला. सुट्टी मिळाली की हिमालयात, तीही बहुतेकदा एकाही युरोपीय सोबत्याशिवाय, शेर्पांबरोबर. शेर्पांची डोंगरातली ताकद ओळखणाऱ्या पहिल्या परदेशी माणसांपैकी तो एक. 1911 साली त्याने सिक्कीम-तिबेट सीमेवरचं 7,128 मीटर उंचीचं पाउहुनरी सर केलं. तोवर माणसाने गाठलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं, हे जगाला पुष्कळ उशिरा उमगलं. केलासने त्याचा गाजावाजा केला नव्हता.

1920च्या सुमारास त्याने एक निबंध लिहिला. एव्हरेस्टवर माणूस चढू शकेल का, एवढाच प्रश्न. त्यासाठी शिखरावर हवेचा दाब किती असेल ते हवं होतं. आठ हजार मीटरवर तेव्हा कुणी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. केलासने हवेच्या थरांचं तापमान विचारात घेऊन आकडा काढला, 251 मिलिमीटर. मग रक्तातला ऑक्सिजन आणि चढण्याचा वेग यांचा हिशेब मांडून निष्कर्ष लिहिला की, शरीराने-मनाने उत्तम असलेला माणूस, वाट फार अवघड नसेल तर, ऑक्सिजनशिवायही माथ्यावर पोचू शकेल. पुढच्याच वर्षी तो पहिल्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत निघाला. तिबेटच्या पठारावर त्याला जुलाबांनी गाठलं आणि 5 जून 1921 रोजी, 53व्या वर्षात, कांपा झोंगजवळ वाटेतच त्याचं निधन झालं. त्याच्या दफनाला मोहिमेतला गिर्यारोहक मॅलरी हजर होता. पुढे जगभर नाव झालं ते मॅलरीचं.

केलासचा आकडा पडताळायला साठ वर्षं जावी लागली. जॉन वेस्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेतला डॉक्टर ख्रिस्तोफर पिझो 24 ऑक्टोबर 1981 रोजी बॅरोमीटर घेऊन शिखरावर पोचला. आकडा आला 253. केलास दोन मिलिमीटरने चुकला होता! मधल्या काळात मात्र कित्येक शास्त्रज्ञ विमानवाल्यांचं कोष्टक घेऊन शिखरावरची हवा जीवघेणी विरळ ठरवत राहिले. केलासला पुन्हा उजेडात आणण्याचं श्रेय बरंचसं वेस्ट यांचंच. 1996 साली त्यांनी उंच पर्वतांवरच्या दाबाचं साधं सूत्रही प्रसिद्ध केलं. त्यात फक्त तीन स्थिरांक आहेत.

बरं, मग अल्टिमीटर निकामी का? मुळीच नाही, फक्त तो वापरायची रीत वेगळी. वाटेत जिथे उंची पक्की ठाऊक आहे, तिथे तो जुळवून घ्यायचा. बेस कॅम्पला 5,364 मीटर, मग प्रत्येक कॅम्पवर पुन्हा. साउथ कोलला, म्हणजे शेवटच्या कॅम्पला, जुळवलेलं घड्याळ वरच्या नऊशे-साडेनऊशे मीटरच्या चढाईत साठेक मीटरनेच चुकेल. सवय सह्याद्रीतच लावून घ्या. कळसूबाईच्या माथ्यावर 1,646 टाका, घरी उतरून काय दिसतं ते पाहा, आणि पावसाळ्यात पुन्हा करा.

अल्टिमीटरचा खरा उपयोग तर तंबूत पडल्या पडल्या होतो. रात्री झोपताना घड्याळावर 6,400 आहे, पहाटे बर्फ वितळवायला उठलात तर 6,460. तंबू काही रात्रीतून साठ मीटर चढलेला नाही. बाहेरचा दाब पडलाय, म्हणजे हवा बिघडण्याची शक्यता आहे. तेवढ्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ सोळा-सतरा मीटर, त्यामुळे बारीक बदलही ठळक दिसतो. जाहिरातीत जी चूक लपवली जाते, ती इथे बातमी होऊन येते.

जीपीएसबद्दल थोडक्यात. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली नाही, म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा जास्त होते. शिवाय ते सतत चालू ठेवलं तर थंडीत बॅटरी बसते. धुक्यात तंबू शोधायला ते ठेवा, शिखराचा आकडा सिद्ध करायला नको.

आणि मनगटावरच्या ऑक्सिजनबद्दल मी जरा कडकच बोलणार. नाडीच्या ठोक्यांच्या आधारे रक्तातला ऑक्सिजन प्रकाशाने मोजायची युक्ती 1970च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी काढली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण ही यंत्रं निरोगी स्वयंसेवकांवर जुळवली जातात आणि कुणाचाही ऑक्सिजन मुद्दाम 70 टक्क्यांखाली नेत नाहीत. 2007 साली काही ब्रिटिश डॉक्टरांनी एव्हरेस्टवरून उतरताना 8,400 मीटरवर स्वतःच्याच मांडीतल्या धमनीतून रक्त काढलं. शेर्पांनी ते दोन तासांत खालच्या कॅम्पमधल्या यंत्रापर्यंत पोचवलं. चौघांची सरासरी निघाली 54 टक्के. खाली मुंबईत एवढा आकडा दिसला तर रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात नेतील, आणि हे लोक चालत होते. त्यात गारठलेल्या मनगटात रक्त आधीच कमी. अशा ठिकाणी घड्याळाने दाखवलेला आकडा हा अंदाजावरचा अंदाज. त्यावर विसंबून कुणी चढू नये आणि उतरायचं लांबवूही नये.

मग घ्यायचं काय? मोठे आकडे किंवा जाड काटे असलेलं, हातमोज्यातून दाबता येतील अशा बटणांचं, बाहीवरूनही बांधता येईल इतक्या लांब वेल्क्रो पट्ट्याचं. उंचीवर हात सुजतात, तेव्हा धातूची घट्ट साखळी नकोच. मोहिमेला निघण्याआधी नवी बॅटरी घाला. आणि गजर कंपनाचा हवा, कारण टोपी, हूड आणि वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही.

त्या गजराचं काम एकच, परतीची वेळ सांगणं. 10 मे 1996 रोजी एव्हरेस्टवर मोहीमप्रमुख रॉब हॉलच्या तुकडीला शिखर मिळो न मिळो, जास्तीत जास्त दुपारी दोनला मागे फिरायचं, हे ठाऊक होतं. हॉल अनुभवी होता, घड्याळं सगळ्यांकडे होती. तरी त्या दिवशी कित्येक जण दोननंतरही चढत राहिले, काही तर चारच्या सुमारास माथ्यावर होते. संध्याकाळी वादळ आलं आणि पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. त्यांत तिबेटच्या बाजूने चढलेले इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे तिघे जवानही होते. ऑक्सिजन कमी पडलेला मेंदू ‘अजून थोडंच उरलंय’ हा हिशेब आनंदाने मान्य करतो, म्हणून वेळ खालीच ठरवायची आणि दोरावरच्या जोडीदाराच्या घड्याळातही तोच गजर लावायचा.

घड्याळ बनवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. पट्ट्यांचे वीस रंग देता, तर मेनूत आणखी एक पर्याय द्या, ‘हिमालयाची हवा’. वेस्ट यांचं तीन स्थिरांकांचं सूत्र कोणत्याही चिपमध्ये फुकटात मावेल. त्याला केलासचं नाव दिलंत, तर शंभर वर्षांची थकबाकीही थोडी फिटेल.