डँडेलायन उपटावा की राहू द्यावा?

मे महिना उजाडला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत एक वाद ठरलेला. लॉनवर पिवळी फुलं उगवतात. घरातल्या मोठ्यांना शेजाऱ्यांची काळजी, तर मुलांना मधमाश्यांची. दोन्ही पक्ष ठामपणे जे सांगतात, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

मधमाश्यांपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे आहे. ‘डँडेलायन हे मधमाश्यांचं वसंतातलं पहिलं अन्न, ते काढलं तर त्या उपाशी मरतील’ असं म्हणतात. ओंटारिओत त्याआधीच विलो आणि मेपल फुललेले असतात आणि माश्या त्यांच्यावर पोसल्या जातात. डँडेलायनवर माश्या येतात हे खरं, मकरंदही मिळतो. पण त्याचा पराग निकस. अळ्या वाढवायला लागणारी काही अमिनो आम्लं त्यात कमी पडतात, आणि नुसत्या याच परागावर ठेवलेल्या मधमाश्यांना पिल्लावळ वाढवता आली नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. उलट डँडेलायनलाच माशीची गरज नाही! इथल्या लॉनवर दिसणारी झाडं बहुतेक परागीकरणाशिवायच बी धरतात.

याला जोडूनच ‘नो मो मे’, म्हणजे मे महिनाभर गवत कापायचं नाही, ही मोहीम येते. ब्रिटनमधल्या प्लांटलाइफ या संस्थेने ती २०१९ मध्ये सुरू केली, पुढच्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या ॲपलटन गावाने उचलली. न कापलेल्या लॉनवर माश्यांची संख्या आणि जाती कितीतरी जास्त सापडतात, असं सांगणारा तिथला शोधनिबंध खूप गाजला. तो २०२२ मध्ये मागे घेण्यात आला, ही बातमी मात्र फारशी कुणापर्यंत पोचली नाही. मोहीम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण माश्यांचा खरोखर कळवळा असेल तर लॉनचा एक कोपरा मोकळा करून तिथे इथलेच ॲस्टर आणि गोल्डनरॉड लावा.

आता दुसरा पक्ष. ‘आठवड्याला मोअर फिरवला की डँडेलायन संपतो.’ नाही संपत. त्याची पानं जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात, पातं त्यांच्या वरून जातं. वारंवार कापत राहिलं तर पुढची फुलं आखूड दांड्यावर, गवताच्या आतच येतात. फुलून मिटलेलं बोंड कापून टाकलं तरी त्यात बी पिकू शकतं, म्हणून तोडलेली फुलं तिथेच पडू देऊ नयेत.

‘मग उपटून टाका.’ उपटायचं कसं, ते महत्त्वाचं. पानांना धरून ओढलं की हातात पानं येतात, बोटांना पांढरा चीक लागून नंतर तपकिरी डाग पडतो आणि मूळ जागच्या जागी राहतं. ते गाजरासारखं सरळ खाली गेलेलं असतं, अर्धा हात सहज. उरलेल्या तुकड्याला पुन्हा फुटवे येतात, कधी एकाच्या जागी दोन-तीन. पाऊस पडून माती मऊ झाली की टोकाला दुभंगलेलं लांब, अरुंद खुरपं मुळाच्या बाजूने खोल घालायचं, माती हलवायची आणि मग हळूहळू वर घ्यायचं. ‘टक्’ असा आवाज आला तर मूळ तुटलं असं समजा.

फवारणीच्या बाबतीत ओंटारिओत प्रश्न बराचसा कायद्यानेच सोडवला आहे. २२ एप्रिल २००९ पासून निव्वळ शोभेसाठी लॉनवर टू-फोर-डीसारखी तणनाशकं मारायला बंदी आहे. सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडून बाटली आणवून घेण्याची हुशारी करू नये. लोहयुक्त औषधं चालतात. त्यांनी पानं काही तासांत काळी पडतात, गवताला फारसं काही होत नाही, पण मूळ बहुधा तगतं, म्हणून पुन्हा मारावं लागतं. व्हिनेगर पानांबरोबर आजूबाजूचं गवतही जाळतं. मीठ तर चुकूनही नको, त्या जागी नंतर काहीच धड उगवत नाही.

ॲलर्जीचा आळ जवळपास खोटा आहे. डँडेलायनचा पराग जड, चिकट असतो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. त्या दिवसांतल्या शिंकांना झाडं आणि गवतच जबाबदार.

डँडेलायन विषारीही नाही. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर तो इथे पोचला. तिकडे तो खाण्यात आणि औषधात होता. काश्मिरात त्याची भाजी होते. विदर्भ-मराठवाड्यात बांधावर मिळणारी, भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाणारी पाथरी ही त्याच्याच गोतावळ्यातली: तसाच चीक, तसंच पिवळं फूल, तसाच कडवटपणा. कोवळी पानं लसणाच्या फोडणीत चांगली लागतात. फक्त औषध मारलेल्या किंवा कुत्री फिरवण्याच्या जागेवरची खुडू नयेत.

राहता राहिला शेजारी. ‘त्यांच्यामुळेच आमच्याकडे येतात’ ही तक्रार अर्धीच खरी. बीवरच्या छत्रीत शंभरेक तंतू असतात आणि तिच्या डोक्यावर हवेचा एक स्थिर भोवरा तयार होऊन ती तरंगत राहते, हे एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. तरीही बहुतेक बिया मूळ झाडापासून दोन-चार मीटरांतच पडतात. लांब गेलेल्या बीलाही रुजायला उघडी माती लागते. गवत दाट असेल तर तिला ती मिळत नाही. म्हणूनच माझ्या मते डँडेलायनवर राग काढण्यापेक्षा आपलं गवत विरळ का झालं ते पाहावं. बहुतेक घरी कारण एकच निघतं, गवत फार बुडापर्यंत कापलं जातं. ते सात-आठ सेंटिमीटर राहू द्यावं, कापलेला चुरा तिथेच पडू द्यावा. दंडाची भीती असेल तर टोरांटोत मर्यादा २० सेंटिमीटरची आहे, म्हणजे बराच वाव आहे.

पुढच्या अंगणात पायवाटेलगतची चार झाडं खुरप्याने काढावीत, मागची राहिली तरी काही बिघडत नाही. विरळ जागी गवताचं बी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरावं. उशीर केला तर रोपं थंडीआधी मूळ धरत नाहीत.